साथरोगांवरील आंतरराष्ट्रीय पाळत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत प्रश्न आणि नंतर अडचणीचे व अपवादाचे प्रश्न, असा क्रम ठेवला आहे. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागू होत असेल तेथे पुनरुक्ती न करता केवळ प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साथरोगांवर आंतरराष्ट्रीय पाळत ठेवली जाते, म्हणजे नेमके कोण काय करते?

साऱ्या जगातील रुग्णांवर एखाद्या मध्यवर्ती कार्यालयातून नजर ठेवली जाते, अशी समजूत बरीच पसरलेली आहे. प्रत्यक्षात असे कार्यालय कोठेही नाही. रुग्ण प्रथम दिसतो तो दवाखान्यातील डॉक्टरला किंवा परिचारिकेला. तेथून माहिती स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे, नमुना प्रयोगशाळेकडे आणि दोन्हींचा निष्कर्ष देशाच्या आरोग्य खात्याकडे जातो. प्रत्येक देशाने एक राष्ट्रीय संपर्ककेंद्र नेमलेले असते आणि ते दिवसरात्र उपलब्ध असावे, असा नियम आहे. हे केंद्र जागतिक आरोग्य संघटनेच्या सहा प्रादेशिक कार्यालयांपैकी आपल्या कार्यालयाशी जोडलेले असते. संघटना आलेली माहिती पडताळते, तिची इतर ठिकाणच्या माहितीशी सांगड घालते आणि गरज पडल्यास बाकीच्या देशांना सावध करते.

या कामाच्या दोन रीती आहेत. पहिलीत ठरावीक रोगांचे आकडे ठरावीक नमुन्यात नियमितपणे वर पाठवले जातात. दुसरीत बातम्या, अफवा, औषधांच्या खपातील अचानक वाढ, शाळांमधील गैरहजेरी, जनावरांचे अनपेक्षित मृत्यू अशा विस्कळीत खुणा टिपल्या जातात. पहिली रीत ओळखीच्या रोगांसाठी उत्तम आहे. ज्या रोगाला अजून नावच मिळालेले नाही, तो मात्र बहुधा दुसरीतूनच सापडतो.

२. एका देशाने आपल्याकडील रोगाची माहिती इतरांना द्यायची, ही पद्धत कधीपासूनची आहे?

पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद १८५१ मध्ये पॅरिस येथे भरली आणि तिला बारा राष्ट्रे उपस्थित होती. निमित्त कॉलऱ्याचे होते, परंतु खरी तक्रार बंदरांमध्ये जहाजे आठवडेच्या आठवडे अडकून पडण्याची होती. रोग कसा पसरतो यावरच एकमत नसल्यामुळे प्रत्यक्ष करार व्हायला १८९२ साल उजाडले. आरोग्याचे रक्षण आणि व्यापाराचे रक्षण यांतील ओढाताण तेव्हापासून या व्यवस्थेच्या मुळाशी आहे आणि आजचे बहुतेक वादही तिच्यातूनच निघतात.

जागतिक आरोग्य संघटना १९४८ मध्ये स्थापन झाली. तिने १९५१ मध्ये केलेल्या नियमांत कॉलरा, प्लेग, पीतज्वर, देवी, टायफस आणि पुनरावर्ती ज्वर हे सहा रोग होते. पुढे यादी आखडत गेली आणि देवीचे निर्मूलन झाल्यानंतर, १९८१ पासून, तिच्यात पहिले तीनच रोग उरले. त्यामुळे २००२ च्या अखेरीस चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सार्स हा श्वसनमार्गाचा नवाच आजार सुरू झाला, तेव्हा तो कळवण्याचे कायदेशीर बंधन कोणावरच नव्हते. पुढे ८,०९८ जणांना लागण होऊन ७७४ जणांचा मृत्यू झाला. या अनुभवानंतर मे २००५ मध्ये नवी आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली मंजूर झाली आणि ती १५ जून २००७ पासून लागू झाली. यापुढील उत्तरांत ‘नियमावली’ हा शब्द तिच्यासाठीच वापरला आहे.

३. कोणता रोग आढळला की तो कळवावाच लागतो?

देवी, रानटी (म्हणजे लसीतून न आलेल्या) विषाणूमुळे होणारा पोलिओ, माणसातील नव्या उपप्रकाराचा इन्फ्लुएंझा आणि सार्स या चार रोगांचा एकही रुग्ण आढळला तरी तो कळवणे बंधनकारक आहे. बाकी सर्व घटनांसाठी नियमावलीने यादीऐवजी चार प्रश्न दिले आहेत. सार्वजनिक आरोग्यावर होणारा परिणाम गंभीर आहे का? घटना असाधारण किंवा अनपेक्षित आहे का? ती सीमेपार पसरण्याचा मोठा धोका आहे का? तिच्यामुळे प्रवासावर वा व्यापारावर निर्बंध येण्याची मोठी शक्यता आहे का? यांपैकी कोणत्याही दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल तर कळवावे लागते. कॉलरा, न्यूमोनियाच्या स्वरूपाचा प्लेग, पीतज्वर, इबोलासारखे रक्तस्रावी ताप असे काही रोग आढळल्यास ही प्रश्नावली लावून पाहावीच लागते.

यादीकडून प्रश्नांकडे झालेला हा बदल २००५ च्या सुधारणेचा गाभा आहे. कारण अज्ञात रोग यादीत बसत नाही, पण या चार प्रश्नांत सहज बसतो. या प्रश्नांची उत्तरे मात्र देशच देतो, आणि तेथे मोकळीक बरीच राहते.

४. ‘२४ तासांत कळवावे’ असे म्हणतात. हे तास केव्हापासून मोजायचे?

पहिला रुग्ण आजारी पडल्यापासून नव्हे. राष्ट्रीय पातळीवर वरील प्रश्नावलीनुसार मूल्यमापन पूर्ण झाले की तेथून पुढचे २४ तास मोजले जातात. तातडीच्या घटनांचे मूल्यमापन ४८ तासांत व्हावे, अशी वेगळी अपेक्षा आहे. खरा विलंब मात्र त्याच्याही आधी, म्हणजे पहिल्या रुग्णापासून पहिल्या शंकेपर्यंत होतो आणि त्याला कोणतीही मुदत बांधता येत नाही. पश्चिम आफ्रिकेतील इबोलाची सुरुवात डिसेंबर २०१३ मध्ये गिनीच्या जंगलपट्ट्यात झाली असे मागाहून सिद्ध झाले, परंतु तो इबोला असल्याचे निदान मार्च २०१४ मध्ये झाले. दरम्यान तो सीमाभागातील वस्त्यांतून पसरत राहिला. त्या साथीत २८,००० हून अधिक रुग्ण आणि ११,००० हून अधिक मृत्यू नोंदले गेले.

म्हणून अलीकडे ‘७-१-७’ हे उद्दिष्ट पुढे आले आहे. त्यानुसार उद्रेक सात दिवसांत ओळखावा, एका दिवसात कळवावा आणि पुढील सात दिवसांत प्राथमिक उपाययोजना पूर्ण करावी. कायद्यातील २४ तासांपेक्षा हे माप अधिक प्रामाणिक वाटते, कारण ते सर्वांत दुबळ्या टप्प्यालाही मोजते.

५. एखाद्या देशाने माहिती दडवली तर त्याला काय शिक्षा होते?

नियमावलीत दंडाची तरतूद नाही. तिच्यात दडवणे निरुपयोगी ठरावे अशी रचना आहे. संघटना सरकारी सूचनेची वाट पाहण्यास बांधलेली नाही. ती बातम्यांचा, स्वयंसेवी संस्थांचा, डॉक्टरांच्या पत्रांचा आधार घेऊन संबंधित देशाकडे खुलासा मागू शकते आणि देशाने पहिले उत्तर २४ तासांत देणे अपेक्षित असते. देश सहकार्य करत नसेल आणि धोका मोठा असेल, तर उपलब्ध माहिती इतर देशांना देण्याची मुभाही तिला आहे.

यासाठीची साधने नियमावलीपेक्षा जुनी आणि सरकारी सूचनेपेक्षा चपळ आहेत. प्रोमेड ही तज्ज्ञांनी चालवलेली सूचनासेवा १९९४ पासून काम करते, तर कॅनडाची बातम्या चाळणारी यंत्रणा १९९७ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये ग्वांगजो येथील गूढ आजाराची विचारणा प्रोमेडवर झाली आणि दुसऱ्याच दिवशी चीनने ३०५ रुग्ण असल्याचे कळवले. डिसेंबर २०१९ मध्येही असेच घडले. वुहानमधील अज्ञात न्यूमोनियाची सूचना ३० तारखेला प्रोमेडवर आली, ३१ तारखेला संघटनेच्या चीनमधील कार्यालयाने वुहानच्या आरोग्य आयोगाचे निवेदन संकेतस्थळावरून टिपले, १ जानेवारीला खुलासा मागितला आणि ३ जानेवारीला उत्तर मिळाले. मुदत पाळली गेली नाही, तरीही कोणतीही कारवाई करता आली नाही.

६. मग देश माहिती दडवतात तरी का? लवकर सांगण्यात त्यांचाच फायदा नाही का?

रोगाच्या दृष्टीने फायदा आहे. तिजोरीच्या दृष्टीने बहुधा नाही. पेरू देशात १९९१ मध्ये कॉलरा पसरला, तेव्हा व्यापारी मार्गाने आलेल्या मालातून तो पसरल्याचा पुरावा नसतानाही अनेक देशांनी तेथील मासळी नाकारली. सुरतमध्ये १९९४ साली प्लेगची बातमी पसरताच काही देशांनी विमाने थांबवली आणि माल अडवला, वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने अशा निर्बंधांची शिफारस केलेली नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवाना येथील शास्त्रज्ञांनी कोरोना विषाणूचा नवा प्रकार ओळखून ताबडतोब जाहीर केला. संघटनेने २६ नोव्हेंबर रोजी त्याला ओमिक्रॉन हे नाव दिले आणि त्याच सुमारास अनेक देशांनी आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील देशांची विमानसेवा तोडली. तोवर तो प्रकार इतर खंडांत पोहोचलेला होता, हे थोड्याच दिवसांत उघड झाले.

नियमावलीनुसार संघटनेच्या शिफारशीपेक्षा कडक निर्बंध लादणाऱ्या देशाने त्यामागील शास्त्रीय कारण द्यावे लागते आणि प्रवासात वा व्यापारात लक्षणीय अडथळा येत असेल तर ते ४८ तासांत कळवावे लागते. प्रत्यक्षात हे कलम सर्वांत कमी पाळले जाणाऱ्या कलमांपैकी आहे. दडवणाऱ्याला शिक्षा नाही हा या व्यवस्थेचा दोष सर्वजण सांगतात. सांगणाऱ्याला शिक्षा होते हा दोष माझ्या मते त्याहून मोठा आहे, कारण पुढचा देश बोलण्यापूर्वी दोनदा विचार करतो तो यामुळेच.

७. ‘आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी’ जाहीर झाल्याने काय बदलते? ती आणि महामारी एकच का?

ही आणीबाणी संघटनेचे महासंचालक तज्ज्ञांच्या आणीबाणी समितीचा सल्ला घेऊन जाहीर करतात. घटना असाधारण असावी, तिचा इतर देशांना धोका असावा आणि समन्वित आंतरराष्ट्रीय प्रतिसादाची गरज भासू शकावी, अशा अटी आहेत. जाहीर झाल्यावर देशांना तात्पुरत्या शिफारशी दिल्या जातात, ज्या वाढवल्या नाहीत तर तीन महिन्यांत आपोआप संपतात. कोणत्याही सरकारला टाळेबंदीचा हुकूम देण्याचा अधिकार संघटनेला यातून मिळत नाही.

आजवर २००९ चा इन्फ्लुएंझा, २०१४ मध्ये पोलिओ आणि इबोला, २०१६ मध्ये झिका, २०१९ मध्ये काँगोतील इबोला, २०२० मध्ये कोविड-१९ तसेच २०२२ व २०२४ मध्ये एमपॉक्स (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) या प्रसंगी अशी घोषणा झाली. समितीचा सल्ला महासंचालकांवर बंधनकारक नसतो. २०२२ मध्ये एमपॉक्सबाबत समितीत एकमत झाले नव्हते, तरी महासंचालकांनी घोषणा केली.

महामारी हा शब्द वेगळा. ११ मार्च २०२० रोजी संघटनेने कोविडला महामारी म्हटले तेव्हा जगभर खळबळ उडाली, पण कायद्याच्या दृष्टीने निर्णायक तारीख ३० जानेवारी ही होती, कारण त्या दिवशी आणीबाणी जाहीर झाली होती. त्या सहा आठवड्यांत अनेक सरकारे स्वस्थ बसली. ही संदिग्धता दूर करण्यासाठी २०२४ च्या दुरुस्तीत ‘महामारीजन्य आणीबाणी’ अशी वरची पायरी जोडली गेली. ती दुरुस्ती १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली, मात्र अमेरिकेसारख्या ती नाकारणाऱ्या देशांना ती बांधत नाही.

८. पोलिओचे रुग्ण इतके थोडे असताना त्याची आणीबाणी दहा वर्षांहून अधिक काळ कशी चालू राहिली?

कारण पोलिओमध्ये दिसणारा रुग्ण हा लागणीचा अगदी लहान अंश असतो. साधारण २०० लागणींमागे एकालाच कायमचा लुळेपणा येतो. बाकीचे नकळत विषाणू पसरवत राहतात. त्यामुळे एक लुळे पडलेले मूल म्हणजे शेकडो न दिसलेल्या लागणी, असा हिशेब धरावा लागतो.

पाळतीची रीतही त्याला साजेशी आहे. पोलिओचा संशय असो वा नसो, पंधरा वर्षांखालील ज्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडतो, त्या प्रत्येकाची नोंद होते आणि लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, विष्ठेचे दोन नमुने घेतले जातात. पोलिओ नसलेल्या कारणांनीही असा लुळेपणा येतो. म्हणून वर्षाला दर एक लाख मुलांमागे असा किमान एक रुग्ण नोंदला गेला नाही, तर तेथे पोलिओ नाही असे न मानता तेथे पाळतच नाही असे मानतात. शून्य आकड्यावर विश्वास केव्हा ठेवायचा, हे इतक्या काटेकोरपणे सांगणारी दुसरी कसोटी साथरोगशास्त्रात क्वचितच सापडेल.

जोडीला सांडपाण्याची तपासणी होते. २०१३ मध्ये इस्रायलच्या सांडपाण्यात रानटी पोलिओ विषाणू सापडला, तेव्हा लुळेपणाचा एकही रुग्ण नव्हता. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात लसीतील विषाणूपासून बदलत गेलेला पोलिओ विषाणू आढळला, तर न्यूयॉर्क राज्यात मात्र आधी रुग्ण आणि मग सांडपाणी असा क्रम झाला. ही रीत आता कोविडसह इतर रोगांसाठीही वापरली जाते.

९. इन्फ्लुएंझासाठी स्वतंत्र जाळे कशाला?

त्याचा विषाणू सतत बदलतो आणि लसही त्याप्रमाणे बदलावी लागते. १९५२ पासून चालणाऱ्या या जाळ्यात आज शंभराहून अधिक देशांतील प्रयोगशाळा आहेत. त्या वर्षभर नमुने पाठवतात आणि त्यांवरून फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या व सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या पुढील हंगामी लसीचे घटक ठरतात.

१०. विषाणूचा नमुना किंवा जनुकक्रम पाठवणाऱ्या देशाला त्याबदल्यात काय मिळते?

बराच काळ आभारापलीकडे काही मिळत नव्हते. इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूचे नमुने देणे थांबवले. आमच्या नमुन्यांवरून तयार झालेली लस आम्हालाच परवडत नाही, ही त्यांची हरकत होती. श्रीमंत देशांनी तिच्यावर टीका केली, पण तिच्यातील तर्क त्यांना खोडता आला नाही. चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर २०११ मध्ये महामारी घडवू शकणाऱ्या इन्फ्लुएंझासाठी एक चौकट मान्य झाली. तिच्यानुसार जाळ्यातील विषाणू वापरणाऱ्या लस उत्पादकांनी महामारीच्या वेळी उत्पादनाचा काही हिस्सा संघटनेसाठी राखून ठेवायचा असतो.

ही चौकट फक्त इन्फ्लुएंझापुरती आहे. जानेवारी २०२० मध्ये कोरोना विषाणूचा जनुकक्रम खुला झाला आणि नमुना हाती नसतानाही जगभर चाचण्या व लसींचे काम सुरू झाले. लसी मात्र सर्वांना सारख्या मिळाल्या नाहीत. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे संघटनेच्या सदस्य देशांच्या वार्षिक सभेने, महामारी करार सहमतीने स्वीकारला. आदल्या दिवशी सभेच्या समितीत तो १२४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला होता, ११ देश तटस्थ राहिले होते. नमुने द्यायचे आणि लाभ वाटून घ्यायचे यासंबंधीचे परिशिष्ट मात्र त्या वेळी पुढील वाटाघाटींसाठी बाजूला ठेवावे लागले.

११. जनावरांच्या रोगांची माहितीही याच मार्गाने जाते का?

नाही. त्यासाठी जागतिक पशुआरोग्य संघटना आहे. १९२० मध्ये ब्राझीलकडे निघालेली भारतीय उपखंडातील गुरे अँटवर्प बंदरातून जात असताना बेल्जियममध्ये बुळकांडी रोग पसरला आणि त्यातून १९२४ मध्ये पॅरिस येथे ही संघटना उभी राहिली. बुळकांडीचे २०११ मध्ये जगातून निर्मूलन झाले.

दोन संघटना, दोन खाती आणि दोन नोंदवह्या यांमधील फट हीच अडचण आहे, कारण माणसातील अनेक नवे रोग प्राण्यांतून येतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ आढळला. पुढे गोठ्यात काम करणाऱ्यांना लागण झाली, तेव्हा एकाच साखळीची माहिती दोन वेगळ्या वाटांनी जात होती. मानवी रुग्णाबाबत प्रश्न ३ मधील बंधन लागू होते. गाईबाबत ते लागू होत नाही.

१२. मला असा रोग झाला तर माझे नाव परदेशी सरकारांना कळते का?

सामान्यतः नाही. नियमावली व्यक्तिगत माहिती गोपनीय ठेवण्यास सांगते आणि संघटनेला कळवताना वय, लिंग, ठिकाण व लक्षणे पुरेशी असतात. संसर्गजन्य अवस्थेत विमानप्रवास झालेला असेल, तर सहप्रवाशांचा शोध घेण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती संबंधित देशांच्या आरोग्य खात्यांना दिली जाऊ शकते.

१३. संघटनेचे पथक देशाच्या संमतीशिवाय तपासाला जाऊ शकते का?

जाऊ शकत नाही. २००० मध्ये स्थापन झालेल्या साथप्रतिसाद जाळ्यातून तज्ज्ञ पाठवले जातात तेही यजमान देशाच्या संमतीनेच. देशाची तयारी तपासणारे बाह्य मूल्यमापनही ऐच्छिक आहे.

१४. युद्धामुळे सरकारची सत्ताच न पोहोचणाऱ्या भागातून माहिती कोण देते?

कायदा ‘राज्य’ या घटकाशी बोलतो. नियमावलीच्या १९६ पक्षकारांत संघटनेचे सदस्य नसलेले लिश्टेनस्टाइन व होली सी (पोपची व्हॅटिकनमधील सत्ता) हेही आहेत, पण बंडखोरांच्या ताब्यातील प्रदेशाला त्यांत जागा नाही. सीरियात म्हणूनच दोन जाळी समांतर चालली. एक सरकारी होते, तर दुसरे २०१३ पासून विरोधी भागातील डॉक्टरांनी उभे केले. त्याच वर्षी देर अझ-झोर येथे पोलिओचा उद्रेक झाला, तेव्हा नमुने कोणत्या बाजूने आणि कोणत्या प्रयोगशाळेत जायचे हाच प्रश्न वैद्यकीय प्रश्नाइतका बिकट होता.

१५. प्रवासात असलेल्या जहाजावर किंवा विमानात रोग आढळला तर?

कप्तानाने किंवा वैमानिकाने पुढील बंदराला वा विमानतळाला शक्य तितक्या लवकर कळवायचे असते. लसीच्या प्रमाणपत्रांबाबत गोंधळ होतो, म्हणून सांगायला हवे की नियमावलीच्या परिशिष्टात नावाने उल्लेख असलेले प्रमाणपत्र पीतज्वराचेच आहे. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि ११ जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालते. जुन्या प्रमाणपत्रावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ते चालते.

१६. रोग नैसर्गिक नसून प्रयोगशाळेतून सुटला असेल किंवा मुद्दाम पसरवला असेल, तर कळवण्याचे बंधन राहते का?

राहते. नियमावलीतील रोगाची व्याख्या त्याच्या उगमावर अवलंबून नाही आणि अशा संशयित घटनेची माहिती देण्याबाबत स्वतंत्र कलम आहे. अवघड भाग पुढे येतो. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क येथे लष्करी संस्थेतून अँथ्रॅक्सचे जंतू हवेत पसरून किमान ६६ जण मरण पावले, तेव्हा दूषित मांसाचे कारण पुढे करण्यात आले आणि १९९२ पर्यंत तेच अधिकृत राहिले. सोव्हिएत संघ त्या वेळी जैविक अस्त्रांवर बंदी घालणाऱ्या कराराचा सदस्य होता. १९७५ पासून लागू असलेल्या त्या करारात आजही तपासणीची यंत्रणा नाही. संशय आल्यास संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांमार्फत चौकशी करवता येते, परंतु ज्या भूमीवर ती करायची तेथील सरकारच्या सहकार्यावाचून चौकशी करणाऱ्यांना फारसे काही हाती लागत नाही.